प्रिन्सेस स्ट्रीटची चिठ्ठी : केकू गांधी आणि त्यांची 'केमोल्ड'

रेघोटी | रविवार, रात्री ९.५०

गिरगावातली आमची चाळ पाडायला घेणार म्हणून गेल्या महिन्यात बिऱ्हाड हलवलं. शेवटपर्यंत भिंतीवर राहिली ती आजी-आजोबांची तसबीर. आजोबा खुर्चीत, आजी नऊवारीत बाजूला उभी. खाली उतरवून उलटी केली तर मागच्या तपकिरी कागदाच्या कोपऱ्यात कसरीनं अर्धी खाल्लेली एक छापील चिठ्ठी. 'केमोल्ड' एवढं स्वच्छ वाचता येतं, आणि खाली 'प्रिन्सेस स्ट्रीट'.

मी बँकेत नोकरी करते, चित्रकलेचं शिक्षण नाही. पण ऑफिस फोर्टात असल्यामुळे पंचवीस वर्षं जेवणाच्या सुटीत जहांगीर आर्ट गॅलरीत जात आले आहे. माझ्या डोक्यात 'केमोल्ड' म्हणजे चित्रांची गॅलरी, हुसेन, तय्यब मेहता, भूपेन खख्खर या चित्रकारांच्या पंगतीतलं नाव. ते आमच्या आजोबांच्या पाठीमागे कसं आलं, हे शोधायला लागले आणि महिनाभर त्यातच आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते.

केकू गांधी (१९२०–२०१२) मुंबईचे पारशी. केंब्रिजला शिकत होते. १९३९ मध्ये सुटीत घरी आले, महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलं ते राहिलंच. युद्धामुळे मुंबईत अडकलेले एक बेल्जियन गृहस्थ, रॉजर व्हान डाम, त्यांना भेटले. त्या ओळखीतून १९४१ मध्ये चित्रांच्या चौकटीच्या पट्ट्या बनवण्याचा धंदा उभा राहिला. केमिकल मोल्डिंग, म्हणून केमोल्ड. म्हणजे मूळचं दुकान चौकटींचं. गॅलरी त्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी आली.

मधल्या वर्षांत जे घडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांची चित्रं विकत घेणारं शहरात जवळजवळ कोणी नव्हतं. टांगायला जागाही नव्हती, कारण मुंबईत तेव्हा आधुनिक चित्रांसाठी कायमचं दालनच नव्हतं. गांधींनी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या शोरूममध्ये, चौकटींचे नमुने मांडायच्या जागी, ही चित्रं लावायला सुरुवात केली. आरा, हेब्बर, हुसेन. चौकट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला आतलं चित्रही बघावं लागे.

१९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावानं, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी झाली. ती व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत गांधीही होते. १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली. जागा छोटीशीच होती.

माझं मत सरळ सांगते. चित्रं विकली जात नव्हती त्या काळातही ती भिंतीवर लावून ठेवणं, हे केकू गांधींचं सगळ्यात मोठं काम. आणि ते त्यांना परवडलं ते फ्रेमांमुळे. आमच्या आजोबांसारख्या शेकडो लोकांनी तसबिरी मढवून घेतल्या, मुंज-लग्नाचे फोटो, देवादिकांची चित्रं, पदवीची प्रमाणपत्रं. त्या पैशावर आधुनिक चित्रकलेला तग धरता आला. आपल्या घरांचा या इतिहासात वाटा आहे आणि आपल्याला तो माहीतच नाही, हे मला फार लागलं. म्हणून हा धागा.

कोणाच्या आठवणी असतील, कोणाला हे मत पटत नसेल, तर मोकळेपणाने लिहा.

---

सुतारपक्षी | रविवार, रात्री ११.०५

रेघोटीताई, सगळ्यात आधी एक विनंती. ती चिठ्ठी काढू नका, आणि मागचा कागद फाडू तर अजिबात नका. कसं करायचं ते पुढे सांगतो.

आमचं दादरला तसबिरी मढवण्याचं दुकान. आजोबांपासून, म्हणजे मी तिसरा. तुमचं म्हणणं आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल. फ्रेमवाल्याकडे जितक्या प्रकारची चित्रं येतात तितकी कोणाकडेच येत नाहीत. सकाळी सत्यनारायणाची तसबीर, दुपारी कोणाचं मृत्युपत्रासारखं जपलेलं मानपत्र, संध्याकाळी जे.जे. स्कूल ऑफ आर्टचा एखादा पोरगा न वाळलेला कॅनव्हास घेऊन येतो आणि म्हणतो, काका, पैसे प्रदर्शन झाल्यावर देतो. आजोबा अशांची वही ठेवत. काहींचे पैसे आले, काहींचं चित्रच आलं. त्यातली दोन अजून आमच्या माळ्यावर आहेत.

चित्राला चौकट बसवताना ते दोन-तीन तास हातात असतं. चित्रकाराचा हात कुठे सरळ पडला, कुठे त्यानं खोडलं, कॅनव्हास कसा ताणलाय, सगळं दिसतं. चार वर्षांत नजर तयार होते. केकू गांधींनी कलेचं शिक्षण घेतलं नव्हतं असं लोक आश्चर्यानं सांगतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. हजारो चित्रं ज्याच्या टेबलावरून गेली त्याला शिकवायचं काय राहिलं?

अजून एक. पट्टीच्या मागच्या बाजूला, लाकडावर, पेन्सिलीनं काही आकडे आहेत का बघा. आमच्याकडे कारागीर माप तिथेच लिहितो, इंच आणि सूत. एका इंचात आठ सूत.

---

टाचणी | सोमवार, सकाळी ८.२०

लेख आवडला, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे.

डीलर हा शेवटी व्यापारी. आपण त्याला संत करतोय असं वाटतं. तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दीड कोटींच्या घरात गेलं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत मथळे होते. २०२५ मध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' ११८ कोटींना गेलं. या लिलावांतून चित्रकाराच्या घरी काय गेलं? आणि ज्यांची चित्रं कधीच लिलावापर्यंत पोहोचली नाहीत त्यांचं काय?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. हे वर्तुळ कोणाचं होतं? पारशी उद्योजक, युरोपातून आलेले जाणकार, इंग्रजी बोलणारी दक्षिण मुंबई. कोकणातून, विदर्भातून जे.जे.ला आलेली मराठी मुलं त्या जिन्यावरून वर जायला बिचकत. माझे वडील त्यांपैकी एक. ते आयुष्यभर एका शाळेत चित्रकला शिकवत राहिले. प्रदर्शन भरवायची इच्छा होती, पण एका गॅलरीत चित्रं दाखवायला गेले तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. गॅलरी कोणती ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि मला ते महत्त्वाचंही वाटत नाही. पण म्हणून वारसा म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं की कोणाचा.

---

रेघोटी | सोमवार, दुपारी १.३५

टाचणी, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबललं. हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही, सारणारही नाही.

आधी पैशाचं. लिलावात चित्र विकणारा बहुतेक वेळा संग्राहक असतो. चित्रकारानं ते तीस-चाळीस वर्षांपूर्वी एकदाच विकलेलं असतं. 'ग्रामयात्रा' १९५४ साली दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं आणि नंतर ते कित्येक दशकं ऑस्लोच्या रुग्णालयात होतं. गॅलरी असते ती त्या पहिल्या विक्रीच्या वेळी, जेव्हा चित्राला भाव नसतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात मात्र ५३अ हे कलम आहे. मूळ चित्र पुन्हा दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. १९९४ च्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम पुस्तकातच पडून आहे. तुमचा राग मला तिथे जास्त योग्य वाटतो.

आता वर्तुळाचं. हो, ते तसंच होतं. पण त्याच वर्तुळानं ज्यांना आधी उचलून धरलं त्यांत आरा होते. कृष्णाजी हौलाजी आरा, हैदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणी पळून मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. गाडे विदर्भातले. बाकरे आयुष्याच्या शेवटी कोकणात, मुरूड-हर्णैला येऊन राहिले. म्हणजे दार सगळ्यांसाठी बंद होतं असं नाही. पण ज्याला भाषेचा संकोच होता त्याला ते जड होतं, हे खरं. मला स्वतःलाही पहिली दोन वर्षं वर जायचं धाडस झालं नव्हतं.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

मी साताऱ्याचा, निवृत्त कलाशिक्षक. टाचणींच्या वडिलांच्या पिढीनंतरचा.

१९८९ साली एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत होतो. आमचे सर चार पोरांना घेऊन रात्रीच्या एसटीनं मुंबईला आले. व्हीटीला तोंड धुतलं, वडापाव खाल्ला आणि चालत काळा घोडा. खाली जहांगीरची दालनं बघितली. मग सर म्हणाले, वर चला. आम्ही चपला काढाव्या की नको अशा विचारात. वर अतुल दोडिया यांचं पहिलं एकल प्रदर्शन होतं. घाटकोपरचा, जे.जे.त शिकलेला, आमच्यापेक्षा थोडाच मोठा माणूस. आम्हाला कोणी अडवलं नाही, तिकीट नव्हतं, कोणी काही विचारलंही नाही. पाऊण तास आम्ही तिथे होतो. परत येताना एसटीत कोणी झोपलं नाही.

इथे एक गोष्ट नवीन वाचकांसाठी सांगतो, कारण माझ्या विद्यार्थ्यांचाही यात गोंधळ व्हायचा. जहांगीरची खालची दालनं भाड्यानं मिळतात. अर्ज करायचा, निवड झाली की नंबर लागायची वाट बघायची आणि मग एक आठवडा जागा तुमची. त्यासाठी कित्येक वर्षं थांबलेली माणसं मला माहीत आहेत. आमंत्रणपत्रिका तुमची, हार-तुरे तुमचे, गिऱ्हाईकही तुम्हीच आणायचं. वरची केमोल्ड तशी नव्हती. तिथे गॅलरी चित्रकार निवडते, प्रदर्शनाचा भार उचलते, चित्र विकलं तर आपला हिस्सा घेते आणि नाही विकलं तरी दोन-तीन वर्षांनी त्याच माणसाचं पुन्हा प्रदर्शन लावते. खाली सात दिवसांचा हॉल, वर वर्षानुवर्षांचा संबंध. एकाच इमारतीत दोन्ही होतं.

भूपेन खख्खर यांचंच बघा. मुंबईतच खेतवाडीत जन्मलेले, चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला एका कारखान्यात हिशेब लिहायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. न्हावी, घड्याळजी, शिंपी अशा साध्या माणसांची चित्रं. १९७० च्या आसपास 'ही काय चित्रं झाली' म्हणून नाक मुरडणारे खूप होते. केमोल्डनं त्यांना सोडलं नाही. १९९७ मध्ये जितीश कल्लाट जे.जे.तून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं, तोवर त्यांचं पहिलं प्रदर्शन इथेच. मी शाळेत असताना दर दोन वर्षांनी मुलांची सहल घेऊन त्या जिन्यावर जात राहिलो. कारण आमच्या सरांनी तसं केलं होतं.

---

व्हिएन्नाकर | मंगळवार, पहाटे २.४० (इथे रात्रच आहे)

टाचणींच्या 'युरोपातून आलेले जाणकार' या शब्दांवर थांबले, म्हणून लिहिते.

मी अठरा वर्षं व्हिएन्नात राहते. वॉल्टर लँगहॅमर ऑस्ट्रियातल्या ग्राझचे. शिक्षण इथे, व्हिएन्नात. पत्नी ज्यू. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि दोघांना देश सोडावा लागला. मुंबईत 'टाइम्स'मध्ये आर्ट डायरेक्टर म्हणून काम मिळालं. नेपियन सी रोडच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमायचे. रंग कसा लावायचा इथपासून युरोपात काय चाललंय इथपर्यंत बोलणं व्हायचं. केकू गांधींना चित्रांची गोडी लावण्यात लँगहॅमर यांचा मोठा हात होता. इमॅन्युएल श्लेसिंगर हेही व्हिएन्नाचेच. औषधांच्या धंद्यात होते आणि या तरुणांची चित्रं पदरचे पैसे घालून घेत राहिले. तिसरे रुडॉल्फ फॉन लायडन, जर्मन, शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ. ते 'टाइम्स'मध्ये कलासमीक्षा लिहीत.

तिघेही आपल्या मुळापासून उखडलेले. ज्या शहरात ही माणसं वाढली तिथून त्यांना हाकललं गेलं, आणि मुंबईनं जागा दिली. मी इथल्या संग्रहालयांतून फिरते तेव्हा हे नेहमी आठवतं. टाचणी म्हणतात ते वर्तुळ परकं होतं, हे बरोबर. पण त्यातले बरेच जण निर्वासित होते. आरांसारख्या घरगड्याच्या हातातली चित्रं त्यांना लगेच दिसली, याचं एक कारण मला त्यात वाटतं.

२०१६ मध्ये मैत्रिणीकडे लंडनला गेले होते तेव्हा टेट मॉडर्नमध्ये भूपेन खख्खर यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. दोन दिवस सलग गेले. कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलेले न्हावी आणि घड्याळजी आठवून आत्ता डोळ्यांत पाणी आलं.

---

डहाणू_लोकल | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

केमोल्डचा विषय निघाला आणि वारलीचं नाव अजून कोणी काढलं नाही, म्हणून मी लिहितो. मी पालघर जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे, बावीस वर्षं झाली.

आपल्या इकडे लग्नात घरातल्या कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. आम्ही 'काढतात' म्हणत नाही, 'लिहितात' म्हणतो. भिंत शेणानं-गेरूनं सारवायची, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला. चौकोनाच्या आत पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाष्ण बाया आणि गाणाऱ्या धवलेरी. लग्न झालं की काम झालं. भिंत पावसात गेली तर गेली, पुढच्या लग्नाला नवीन.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारच्या हस्तकला विभागाच्या कामानं इकडे पाड्यांवर आले. बिहारमध्ये मधुबनीच्या बायांना कागद देणारेही हेच. गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. पुरुष असून चित्रं लिहिणारा माणूस, आणि लग्न नसतानाही लिहिणारा. लहानपणी आई गेल्यावर जिव्या बोलेनासे झाले होते, मातीत रेघा ओढूनच सांगत, असं आमच्याकडे सांगतात. १९७५-७६ च्या सुमारास त्यांची चित्रं मुंबईत लागली ती गॅलरी केमोल्डमध्ये. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या शाळेनं सुटी दिली नाही. मुलांना अंगणात बसवलं आणि दिवसभर लिहायला लावलं.

आता माझ्या मनातलं. हुसेन-रझांच्या भिंतीवर म्हसेंचं जाळं आणि मासे लागले, त्यांना चित्रकार म्हणून नाव मिळालं, हे केमोल्डचं मोठं काम आहे. त्या काळात असल्या चित्रांची जागा एम्पोरियममध्ये असायची, खाली नाव नसायचं. गॅलरीत नाव लिहिलं गेलं. पण चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत. आज माझ्या वर्गातल्या मुली मग, पिशव्या, मोबाइलची कव्हरं रंगवतात. ठेकेदार नगावर पैसे देतो आणि शहरात ते कित्येक पटीनं विकलं जातं. म्हणून टाचणींचा प्रश्न मला पटतो, आणि रेघोटीताईंचं म्हणणंही पटतं. एका भिंतीनं एका माणसाचं आयुष्य बदललं. तशा भिंती अजून पाच-पन्नास पाहिजे होत्या.

---

टाचणी | मंगळवार, रात्री ९.४५

डहाणू_लोकल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

रेघोटी, आरांबद्दल मला एवढं माहीत नव्हतं. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण थोडा बदलते. एक गांधी असणं पुरेसं नव्हतं. १९५९ मध्ये बाळ छाबडांनी भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये 'गॅलरी ५९' काढली होती. ज्या वास्तूत गायतोंडे, हुसेन काम करायचे, तिथेच. इतकी चांगली जागा, इतके चांगले मित्र, तरी ती फार दिवस चालली नाही. पाठीशी फ्रेमांचा धंदा नव्हता म्हणून, असं तुमच्या म्हणण्यावरून वाटतं. १९६३ मध्येच सुरू झालेली पंडोल गॅलरी टिकली, आणि काली पंडोल यांचाही व्यवसाय फ्रेमांचाच होता. म्हणजे तुमच्या मुद्द्याला मीच पुरावा देतेय. फक्त मग असं म्हणावं लागतं की आपल्याकडे आधुनिक चित्रकला दोन-तीन दुकानदारांच्या हौसेवर उभी राहिली, आणि समाज म्हणून आपण काहीच केलं नाही.

---

रिक्लेमेशन | बुधवार, सकाळी ७.३०

टाचणींच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. केकू गांधींनाही बहुधा तेच वाटत असावं, कारण दुकानाबाहेरची कामं त्यांनी आयुष्यभर केली.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीला १९५४ पासून होतं, मुंबईला नव्हतं. रीगलसमोरचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा, एके काळी गाण्याच्या मैफली, कामगारांच्या सभा, मुष्टियुद्धाचे सामनेसुद्धा बघितलेला. तो हॉल संग्रहालयासाठी मिळावा म्हणून गांधी आणि आणखी काही जण वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते. १९९६ च्या डिसेंबरात अखेर तो उघडला. गांधी तेव्हा ७६ वर्षांचे. आज आपण वीस-तीस रुपयांच्या तिकिटात तिथे जातो, त्यामागे हे चपला झिजवणं आहे.

मी बांद्र्याचा. बँडस्टँडवरचं त्यांचं घर, केकी मंझिल, आम्ही लहानपणापासून बाहेरून बघत आलो. आणीबाणीच्या काळात त्या घरात विरोधातल्या लोकांना आसरा होता, हे वडिलांकडून ऐकलंय. १९९२-९३ च्या दंगलीनंतर वस्त्यावस्त्यांत शांततेसाठी फिरणाऱ्यांत हे वयस्कर जोडपं असायचं. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या गल्लीत अनेकांना ती चित्रांसाठी मिळाली हे ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं मोहल्ल्यातल्या कामासाठी मिळाली.

---

नवखा_२३ | बुधवार, दुपारी ४.०५

खूप माहिती मिळाली. मी जे.जे.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जहांगीरच्या वर आता केमोल्ड नाहीये ना? मी तरी बघितली नाही. आता कुठे आहे, आणि आमच्यासारख्यांना जाता येतं का?

---

रेघोटी | बुधवार, रात्री ८.५०

नवखा, १९८८ पासून गॅलरीचं काम केकू गांधींची मुलगी शिरीन गांधी बघते. २००७ मध्ये गॅलरी जहांगीरमधून हलली आणि फोर्टात प्रेस्कॉट रोडवर, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. म्हणून आताचं नाव 'केमोल्ड प्रेस्कॉट रोड'. पहिल्या जागेच्या कितीतरी पट मोठी. तिथे तिकीट नाही. लिफ्टनं जायचं, दार ढकलायचं आणि बघायचं. विकत घेणार का असं कोणी विचारत नाही. पन्नाशीनिमित्त २०१३-१४ मध्ये गीता कपूर यांनी ओळीनं पाच प्रदर्शनं मांडली होती. मी पाचही बघितली. काही कामं मला कळली नाहीत, तरी पुन्हा गेले. कॉलेजातून चालत वीस मिनिटांचं अंतर आहे. अवश्य जा, आणि एकटा जाऊ नकोस, सोबत दोन मित्र ने.

मला व्यक्तिशः जुन्या जागेची आठवण येते. जहांगीरच्या वरच्या मजल्यावर जायला कारण लागत नसे. खाली कोणाचं तरी प्रदर्शन बघून, समोवारमध्ये चहा घेऊन, सहज वर डोकावता येई. समोवारही २०१५ ला बंद झालं. नवी जागा चित्रांसाठी चांगली आहे, उंच भिंती, भरपूर उजेड, मोठ्या मांडणीला वाव. पण तिथे ठरवून जावं लागतं. रस्त्यावरून चालणारा माणूस नकळत आत येण्याची जी सोय प्रिन्सेस स्ट्रीटच्या काचेत होती, ती आता मुंबईत कुठेच उरली नाही असं मला वाटतं.

टाचणी, तुमच्या वडिलांची चित्रं घरी आहेत का? असतील तर इथे एखादं टाका ना.

---

टाचणी | गुरुवार, सकाळी ६.५५

आहेत. एकसष्ट जलरंग. बहुतेक देवरुखच्या आसपासचे. चौकट एकालाही नाही. पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये आहेत.

---

सुतारपक्षी | गुरुवार, सकाळी ९.३०

टाचणीताई, वर्तमानपत्र आजच काढा. त्यातल्या आम्लानं कागद पिवळा पडतो आणि शाईही उतरते. सध्या बटर पेपरमध्ये ठेवा, ट्रंकेत कापूर-डांबर गोळ्या टाकू नका, थोडा कडुलिंब चालेल पण चित्राला लागू देऊ नका. आणि दादरला या. ज्या दहा-बारा तुम्हाला आवडतात त्यांना ॲसिड-फ्री माऊंट लावून साधी सागवानी पट्टी करू. पैशाचं नंतर बघू, आजोबांची वही अजून चालू आहे.

रेघोटीताई, आता तुमच्या तसबिरीचं. धारदार ब्लेडनं चिठ्ठीच्या चहूबाजूंनी बोटभर जागा सोडून मागचा कागद चौकोनी कापून घ्या. तो तुकडा पारदर्शक पाकिटात घालून नव्या पाठीवर चिकटवायचा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच माझ्याकडे आणा. आणि पट्टीवर पेन्सिल बघा म्हणालो होतो.

---

रेघोटी | शनिवार, रात्री १०.२०

आज उघडली. फोटो काचेला चिकटला नव्हता, देवाची कृपा. कागद तुम्ही सांगितल्याप्रमाणे कापला. खाली लाकडावर खरंच पेन्सिल होती, अगदी फिकट, बॅटरीच्या उजेडात तिरकं धरल्यावर दिसली. '१४ इं. १ सू. × १८ इं. १ सू.' आणि शेजारी एक बरोबरची खूण. काच मोजली तर ती बरोबर चौदा बाय अठरा भरली. मग एक सूत जास्त का?

---

सुतारपक्षी | शनिवार, रात्री १०.४१

पावसाळ्यासाठी. लाकूड दमटपणानं फुगतं, काच फुगत नाही. एक सूत मोकळी ठेवली नाही तर काच कोपऱ्यातून तडकते. ज्यानं कापली त्याला मुंबईचा पावसाळा माहीत होता.